मोराच्या पानावर भोपळा

लोक काशीला जाऊन येतात, रामेश्वराला जाऊन येतात आणि मग लिहायला बसतात. मी शीळफाट्याच्या जरा पलीकडे जाऊन आले आणि लिहायला बसले आहे. खोपटातल्या माझ्या घरापासून ते गाव फार तर सहा कोस. आमचे हे म्हणाले, "एवढ्यावर प्रवासवर्णन होत असेल तर मी रोज भाजी आणायला जातो त्याचा ग्रंथ होईल." होऊ दे. पण भाजी आणताना यांनी स्वतःचा चष्मा, स्वतःची ऐट आणि अठरा वर्षांची समजूत कधी हरवलेली नाही. मी सहा दिवसांत तिन्ही हरवून आले.

गावाचं नाव मात्र सांगणार नाही. तिथली मुलं आता वाचतात. उद्या हे त्यांच्या हाती पडलं तर मला पुन्हा तिकडे तोंड दाखवायचं आहे.

आधी माझी ऐट काय होती ते सांगते, म्हणजे ती कशी उतरली ते कळेल. मी ठाण्याच्या शाळेत पहिलीची बाई. शिकले ती लग्नानंतर, चुलीपुढे पुस्तक ठेवून. फायनलच्या परीक्षेला बसले तेव्हा थोरली मुलगी माझ्याहून वरच्या इयत्तेत होती. पण पहिलीचा वर्ग घ्यावा तर मीच, अशी माझी ख्याती होती आणि ती पसरवण्यात माझाही थोडा हात होता. माझा वर्ग वाचू लागला की रस्त्यावरची माणसं थांबत. चाळीस मुलं, पण आवाज एक. मी ओळ म्हणायची, मुलांनी ती उचलायची, आणि दिवाळीपर्यंत पुस्तक या पुठ्ठ्यापासून त्या पुठ्ठ्यापर्यंत घडघडा. हे एकदा डबा द्यायला शाळेत आले होते. घरी आल्यावर विचारतात, "तुझी मुलं वाचत होती की आरती म्हणत होती?" मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही.

तपासणीला येणारे साहेब मात्र खूश असायचे. हेच साहेब कार्तिकात शीळफाट्याकडच्या एका गावातल्या शाळेत गेले. एकच खोली, चार वर्ग, एकच शिक्षक. तिथं पहिली-दुसरीची मुलं पुस्तकं उघडून तोंडं मिटून बसलेली. साहेबांनी वाचा म्हटलं तर एकेक मूल बोट ठेवून अडखळत, पुटपुटत काहीतरी म्हणायचं. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की वर्गाला वाचन येत नाही, आणि मला बोलावून सांगितलं, "बाई, पाच दिवस जाऊन त्या गुरुजींना दाखवून या. शनिवारी मी येतो. तोपर्यंत जमलं नाही, तर त्यांना मोखाड्याकडे पाठवतो आणि दुसरा माणूस बघतो."

मी मान डोलावली. मोखाडा किती लांब, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मला फक्त एवढंच ऐकू आलं होतं की बाई, दाखवून या.

सोमवार : खोपट ते चिखल

बरोबर नात घेतली. मंदा, वय वर्षं सात, माझ्याच वर्गात, आणि माझ्या वर्गातलं सगळ्यांत खणखणीत नाणं. लुगड्यांचा दुकानदार कसा गठ्ठ्यातलं एक झोकदार लुगडं उलगडून दाखवतो, तशी मी मंदाला दाखवणार होते. मंदालाही ते माहीत होतं. एस.टी.त बसल्यापासून ती मान ताठ करून होती.

सामान काय विचारू नका. दशम्या, लाडू, पाण्याचा फिरकीचा तांब्या, सुंठ, ओवा, आणि पौष महिना असून छत्री. तेवढं पहिलीचं पुस्तक घेतलं नाही. ते काय, मला पाठच होतं.

मुंब्र्याचा डोंगर उजव्या हाताला धरून गाडी निघाली. भातं कापून झालेली, शेतात नुसती खुंटं, आणि बांधांवर हिरवागार वाल. शीळफाट्याला उतरलो तर चहाची एक टपरी, दोन दिशांना जाणारे दोन रस्ते आणि एक काटकुळा माणूस. तेच म्हात्रे गुरुजी. त्याच गावचे, आगरी घरातले, तिशीच्या आतबाहेर. मला वाटलं होतं, ज्याच्या बदलीची वेळ आली आहे तो माणूस माझ्यापुढे जरा वाकेल. त्यांनी नमस्कार केला आणि माझ्या हातातलं बोचकं घेतलं, बस. म्हणाले, "बैलगाडी सांगितली आहे, पण ती वळसा घालून जाईल. खाडीला ओहोटी आहे, पायवाटेनं अर्ध्या तासात पोचू. पण चिखल आहे, तुम्हाला जमायचं नाही."

"जमायचं नाही" हे दोन शब्द मला आयुष्यात फार महागात पडले आहेत. मी म्हटलं, चला पायवाटेनं.

खाडीचा तो चिखल मी काय वर्णावा. पाय घातला की तो आपला राहत नाही. मंदाला गुरुजींनी खांद्यावर घेतलं होतं, ती वरून मला सूचना देत होती. मधोमध मी लुगडं सावरायला वाकले आणि चष्मा कानांवरून सुटून पुचकन आत गेला. गुरुजींनी कोपरापर्यंत हात घालून शोधलं. चिखलात उड्या मारणारे दोन निवटे मासे हाती लागले, चष्मा नाही. बिचाऱ्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "असू द्या हो. तो नुसता शोभेचा होता."

शोभेचा कसला. लांबचं डोंगर-झाड मला स्वच्छ दिसतं, पण हातातलं पुस्तक म्हणजे पांढऱ्या कागदावर फिरलेल्या मुंग्या. हे मी गुरुजींना सांगितलं नाही. दाखवायला आलेल्या बाईला दिसत नाही, हे कसं सांगायचं?

उतरलो गुरुजींच्याच घरी. त्यांची आई हिराआजी, नाकात नथ, पायांत जोर. आमच्या ठाण्यात पाहुण्याला आधी विचारतात, चहा घेणार ना? म्हणजे त्याला नको म्हणायला वाव राहतो. तिथं विचारत नाहीत. पाय धुऊन आत गेले तो पुढ्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. मी आपलं बोचकं सोडलं आणि म्हटलं, माझं मी आणलंय, मला पथ्य आहे. हिराआजीनं माझ्याकडे पाहिलं, दशमीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "कसला पथ्य गो बाय? आमचा का?"

मंदानं तोपर्यंत अर्धी भाकरी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दशम्या हिराआजीच्या कोंबड्यांनी खाल्ल्या आणि मी बिरडं खाल्लं, दोनदा वाढून घेऊन. पथ्य तेवढ्यावर संपलं.

मंगळवार : शाळा

शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून एक कौलारू खोली. चार कोपऱ्यांत चार वर्ग. मला वाटलं, मी आत शिरताच गजबज असेल. गजबज होती, पण चौथीच्या कोपऱ्यात. पहिली-दुसरीची वीसेक मुलं एकत्र बसली होती आणि एकाचाही आवाज नव्हता. मनात म्हटलं, साहेब खोटं नव्हते बोलत.

गुरुजींनी वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं एक पुस्तक माझ्या हाती दिलं आणि मंदालाही एक दिलं. मी ऐटीत उघडलं. मुंग्याच मुंग्या. पण मला काय फरक पडणार होता? मुलांना म्हटलं, अकरावं पान काढा, मोराचा धडा. आणि सुरू झाले.

"मोर आला, मोर आला. पिसारा फुलवून मोर आला."

माझ्या आवाजाला ठाण्यात चाळीस आवाज साथ देतात. इथं एकच आला, मंदाचा. ती उभी राहून, ओळीखाली बोट फिरवत, माझ्या बरोबरीनं खणखणीत म्हणत होती. बाकीची मुलं एकदा पुस्तकात बघत, एकदा माझ्याकडे. मी आवाज चढवला. मोर नाचून झाला, मोर उडून झाडावर बसला, तरी कोणी साथ देईना.

शेवटी पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली. पारू तिचं नाव, पहिलीतली, वेण्या लाल लोकरीनं बांधलेल्या. ती आपलं पुस्तक घेऊन माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, हितं मोर नाय. हितं भोपला हाय."

मी म्हटलं, नीट बघ. तिनं आपल्या पानावरच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द वाचून दाखवला. वेलीला भोपळा लागला. भोपळा मोठा झाला. मग तिनं माझ्या हातातल्या पुस्तकात डोकावून पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, माझा दरारा.

चौथीच्या कोपऱ्यातून गुरुजी आले. त्यांनी अगदी खालच्या आवाजात सांगितलं की पुस्तक यंदा बदललं आहे, गावात जुनी पुस्तकं नव्हतीच म्हणून सगळ्यांकडे नवीन आहेत. ठाण्यात माझी मुलं थोरल्या भावंडांची जुनी पुस्तकं वापरत होती, आणि मी तर कुठलंच उघडून पाहिलं नव्हतं. एवढं कळल्यावर तरी मी गप्प बसावं ना? मी वर्गाला सांगितलं, "ठाण्याला हा धडा असा वाचतात."

पण मंदा. तिच्यापुढे भोपळ्याचं पान उघडं होतं आणि त्या भोपळ्याच्या ओळींखाली बोट फिरवून तिनं सबंध मोर वाचला होता. कुठं अडखळली नव्हती.

मधल्या सुट्टीत मी तिला देवळामागे नेलं. काठीनं मातीत एकच शब्द लिहिला, "झाडावर". मोराच्या धड्यातलाच. म्हटलं, हे वाच. मंदा त्या शब्दाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, हा मोरातला आहे का?" मी हो म्हटलं. तेव्हा ती पहिल्यापासून सुरू झाली, मोर आला, मोर आला, पिसारा फुलवून मोर आला, अशी ओळी म्हणत म्हणत आली आणि त्या शब्दापाशी थांबून विजयानं म्हणाली, "झाडावर."

दुसरा शब्द लिहिला, "भाकरी". सकाळीच तिनं खाल्ली होती. तिनं विचारलं, "हा कुठल्या धड्यातला?"

अठरा वर्षं, दर वर्षी चाळीस मुलं. मी तिथं मातीत बसले. हे जे आरतीबद्दल बोलले होते ते आठवलं, आणि दोन दिवसांचा अबोला उगाच धरला असं वाटलं.

बुधवार : डबा

त्या दिवशी मी दाखवायचं सोडून बघायला बसले. दाखवायला उरलं तरी काय होतं?

गुरुजींच्या टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात चिठ्ठ्या. वाण्याच्या पुड्यांचे कागद कापून त्यांच्या कोऱ्या बाजूला टपोऱ्या अक्षरांत गुरुजींनी लिहिलेल्या. पहिली-दुसरीतल्या मुलानं पाटीवरचं काम झालं की उठायचं, एक चिठ्ठी काढायची, मनात वाचायची आणि त्यात लिहिलं असेल ते करायचं. कुणाला सांगायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. "दारामागचा माठ भर." "सोमाच्या टोपीला हात लावून ये." "उंबऱ्यावर उभा राहून तीन उड्या मार." चूक वाचलं तर चूक होतं आणि वर्ग हसतो, एवढीच शिक्षा. ज्यांना करण्याचा कंटाळा आला त्यांच्यासाठी नुसत्या बातम्यांच्या चिठ्ठ्या. ज्यांना लिहिता येतं त्यांनी आपल्याही चिठ्ठ्या लिहून डब्यात टाकायच्या.

हे कुठून शिकलात, असं मी गुरुजींना विचारलं. ते लाजले. "शिकलो कुठं बाई. चार वर्ग आहेत. पहिलीला तोंड दिलं की चौथी उधळते. मग पहिलीला गप्प बसवायला काहीतरी हवं होतं."

तेवढ्यात पारू हसली. चिठ्ठी हातात, पाठ भिंतीला, आणि एकटीच खुदकन हसली. तिला कोणी काही म्हटलं नव्हतं, कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. त्या कागदावर शाई होती, आणि ती शाई बघून ते पोर हसलं. तुम्हाला यात काय विशेष वाटेल? मला वाटलं. माझ्या वर्गात मुलं मी हसले की हसतात. पुस्तकाकडे बघून एकटं हसलेलं मूल मी अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. आरती म्हणताना मधेच कोण हसणार?

मी उठले आणि डब्यात हात घालून एक चिठ्ठी काढली. डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली. मुंग्या. मंदाकडे दिली. तिनंही लांब धरली, जवळ धरली, अगदी माझ्यासारखी. ठाण्याची नामांकित बाई आणि तिची नमुन्याची नात, दोघींच्या हातात तीन शब्दांचा कागद आणि दोघींना वाचता येईना. तेव्हा कुठं माझ्या तोंडून खरं निघालं. गुरुजींना म्हटलं, "चष्मा शोभेचा नव्हता हो."

ते हसले नाहीत. त्यांनी एक तोडगा काढला. म्हणाले, तुम्हाला दिसत नाही ना, मग मुलंच तुम्हाला वाचून दाखवतील, एकेक येऊन. आणि खरं सांगते, चष्मा असता तर मी मुलाच्या आधी ओळ वाचून मोकळी झाले असते. आता मला थांबावंच लागे. मूल अडलं की मीही अडायची. पानावर काय आहे ते त्याला ठाऊक, मला नाही. "मग काय झालं रे पुढं?" असं मी विचारायची ते खरोखरच विचारायची. तेही जबाबदारीनं वाचायचं, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं.

गुरुवार, शुक्रवार : पोपटी आणि एक आगाऊपणा

गुरुवारी संध्याकाळी पोपटी झाली. आपल्याकडे हुरडा तशी ही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ, ओवा. मडकं शेतात उलटं घालून भोवती पेंढा पेटवायचा. घरात जे वाल मी भिजवून, मोड आणून, सोलून करते, त्यांच्या शेंगा अशा लागतात हे मला छप्पन्न वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. माझा ओवा तिथं उपयोगी पडला. सगळ्या सामानात तेवढा एकच.

शेंगा सोलताना हिराआजी माझ्याशेजारी बसली आणि तिनं मला सरळ विचारलं, "शनवारी माझ्या पोराचा काय होनार?" याच्या आधी गावात तीन मास्तर आले, पावसाला लागला की पलाले, असं तिनं सांगितलं. हा आपल्याच मातीतला म्हणून राहिला. हा गेला तर शालेला कुलूप. तिच्या बोलण्यात कुठं रडं नव्हतं. ती शेंगा सोलून माझ्याच पानात टाकत होती.

मंदा बाजूला पारूपाशी बसली होती. तीन दिवस तिनं माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. तिला जे येत होतं ते आता येत नव्हतं आणि याला कारण मी, हे तिला बरोबर कळलं होतं. पारू राखेत काडीनं काहीतरी लिहीत होती आणि मंदा त्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होती.

हिराआजीचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आणि शुक्रवारी मी आगाऊपणा केला. गुरुजींना म्हटलं, साहेबांना एक आवाज हवा आहे ना, तो मी एका दिवसात काढून देते. भोपळ्याचा धडा पारूकडून ऐकून मला पाठ झालाच आहे. मुलांकडून घोकून घेते. साहेब खूश होऊन जातील, तुम्ही इथंच राहाल, सोमवारपासून पुन्हा तुमचा डबा सुरू करा.

गुरुजींनी दाराकडे पाहिलं. दारात त्यांची बायको तान्ह्याला घेऊन उभी होती. मग म्हणाले, "करा."

केलं. आणि काय सांगू, या कामात माझा हात कोण धरणार? दुपारपर्यंत वीस मुलं एका सुरात भोपळा म्हणू लागली. देवळातले म्हातारे उठून दारात आले. मलाही जुनं स्फुरण चढलं. मी हातानं ताल देत पुढं-मागं फिरत होते, आणि फिरता फिरता लांबून पारूकडे नजर गेली. लांबून मला चांगलं दिसतं म्हटलं ना? तिचं बोट पुस्तकावर नव्हतं. पुस्तक मांडीवर मिटलेलं होतं. ती कौलांकडे बघत होती आणि भोपळा म्हणत होती, खणखणीत, एकही चूक न करता.

माझा हात हवेतच राहिला. एका सकाळीत मी तिची मंदा केली होती.

मी म्हटलं, पुरे. गुरुजींकडे जाऊन सांगितलं, "मला नाही जमायचं हे. डबा काढा." ते शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडून ऐकले. त्यांनी विचारलं, मग उद्या? मी म्हटलं, उद्या जे होईल ते मी बघते. म्हटलं खरं, पण काय बघणार होते, हे मलाच ठाऊक नव्हतं. पुढ्यात बघायची सोय कुठं होती?

शनिवार : घंटी

साहेब डोंबिवलीहून सायकलनं आले, पॅन्टीला चिमटे लावून. खुर्चीवर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "हं बाई. वाचू द्या वर्गाला."

मुलं पुस्तकं उघडून तोंडं मिटून बसली. कार्तिकात बसली होती तशीच. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गुरुजींचा चेहरा मला लांबूनही बघवेना.

मी पुढं झाले. म्हटलं, "साहेब, माझा चष्मा खाडीत गेलाय, मला काही दिसत नाही. तेव्हा तुम्हीच कागदावर काहीतरी लिहा. पुस्तकातलं नको, तुमच्या मनातलं. आणि कुणालाही द्या."

साहेबांना ते फारसं रुचलं नाही, पण लिहिलं आणि कागद पारूला दिला. पारू बघत राहिली. ओठ नुसते हलत होते. साहेब म्हणाले, "मोठ्यानं वाच ना." पारूनं मान हलवली. मग कागदाची घडी घातली, उठली आणि दाराबाहेर निघून गेली.

"पळाली," साहेब म्हणाले.

काय लिहिलं होतं ते मला कुठं माहीत होतं? तान्हं मूल तेवढं कुठंतरी रडत होतं. आणि बाहेरून आवाज आला. ट्रिंग ट्रिंग. जरा थांबून आणखी एकदा, ट्रिंग.

पारू आत आली आणि साहेबांपुढे उभी राहून म्हणाली, "तीनदा वाजवली."

साहेबांनी लिहिलं होतं की माझ्या सायकलची घंटी तीनदा वाजवून ये. साहेब पुढं सरकून बसले. मग त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली, तिसरी लिहिली. सोमानं त्यांच्या पॅन्टीचा चिमटा काढून आणला. एका चिमुरड्यानं फळ्यावर बैल काढला. वर्ग हसत होता आणि साहेबही. त्या भरात ते म्हणाले, "आता ठाण्याची मुलगी बघू," आणि एक कागद मंदाच्या हातात दिला.

मी लाख वेळा मुलांना मागून पुटपुटून सांगितलंय. त्या दिवशीही सांगितलं असतं. पण मला दिसत नव्हतं. मंदा कागदाकडे बघत राहिली, ओठ हलवत राहिली. एक शब्द लागला असावा, कारण तिनं दाराकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे. शेवटी तिनं तो साहेबांना परत दिला आणि म्हणाली, "मला अजून सगळं येत नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्या वर्गातली ही सगळ्यांत हुशार मुलगी, साहेब. चूक तिची नाही. माझ्या वर्गातल्या कुणालाच येत नाही."

"म्हणजे दरवर्षी मी तुम्हाला शाबासकी दिली ती कशाबद्दल?"

"पाठांतराबद्दल, साहेब. ते चांगलंच होतं."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. शेरेबुक उघडून बराच वेळ लिहीत बसले. काय लिहिलं ते गुरुजींनी वाचलं, मनातच, त्या शाळेच्या रिवाजाप्रमाणे. मग त्यांनी दारातल्या बायकोकडे बघून हसून नुसती मान डोलावली, आणि ती तान्ह्याला घेऊन घराकडे पळत सुटली, हिराआजीला सांगायला.

रविवार : डोंबिवली स्टेशन

परतताना मी पायवाटेचं नाव काढलं नाही. बैलगाडीनं डोंबिवलीला आलो, शेताशेतांतून. लांब ठाकुर्लीच्या वीजघराची धुराडी धूर सोडत होती. स्टेशनात बाकावर बसलो, गाडीला अवकाश होता. माझ्या मांडीवर हिराआजीनं दिलेलं वालाचं गाठोडं होतं. ते नको म्हणायला तिनं वाव ठेवला नव्हता.

मंदानं फ्रॉकच्या खिशातून एक चिठ्ठी काढली. निघताना पारूनं दिलेली. ती बोट ठेवून बसली. मी गप्प राहिले. गप्प राहणं हे किती कष्टाचं काम आहे ते माझ्यासारख्या बाईलाच विचारा. एक मालगाडी गेली, तिचे डबे मोजून झाले, तरी मंदाचं बोट चाललंच होतं, थांबत, मागं येत, पुन्हा पुढं जात. आणि मग ती हसली. खुदकन, एकटीच, कागदाकडे बघून.

मला राहवलं नाही. "काय लिहिलंय गं?"

मंदानं चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली. "तुझी तू वाच."

आता चष्म्याशिवाय मी काय वाचणार? ठाण्याला येईपर्यंत आणि पुढेही ती चिठ्ठी माझ्या बटव्यातच होती. मंदा अधूनमधून बटव्याकडे बघायची आणि पुन्हा हसायची. नवा चष्मा यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी वर्गात गेले, मुलांना एकेक करून जवळ बोलावलं आणि म्हटलं, मला दिसत नाही, तुम्ही वाचून दाखवा. काय झालं ते विचारू नका. बिस्किटांचा डबा मात्र मी त्याच संध्याकाळी रिकामा करून घेतला. हे म्हणाले, त्यातली बिस्किटं तरी मला खाऊ द्या.

चष्मा आला तसा पहिल्यांदा बटवा उघडला. पुड्याचा कागद, पारूचं वाकडंतिकडं टपोरं अक्षर. एकेक शब्द बोट ठेवून वाचला.

"तुझ्या आजीने मोर वाचला तेव्हा पुस्तक उलटे धरले होते. मी कुणाला सांगितले नाही."